आकाशाचा रंग आणि हवेतील सूक्ष्म कण

पावसाळा सरला की आश्विनात आकाश गडद निळे दिसते आणि दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे भासतात. तेच डोंगर पौष-माघातील सकाळी पुसट होतात, तर वैशाखात आकाश पांढुरके बनते. हा फरक प्रामुख्याने हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे पडतो.

प्रकाश कसा विखुरतो?

प्रकाश कणांवर पडला की तो निरनिराळ्या दिशांना विखुरतो. यास प्रकीर्णन म्हणतात. पुढे लॉर्ड रॅली म्हणून ख्याती पावलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये यामागील नियम मांडला. हवेच्या रेणूंसारखे अतिसूक्ष्म कण तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश चार ते पाच पटींनी अधिक विखुरतात. म्हणून स्वच्छ आकाश निळे दिसते. धूळ व धूर यांचे कण त्याहून पुष्कळ मोठे असतात. मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, त्यामुळे निळाईत पांढरेपणा मिसळतो. अशा कणांचे गणित गुस्ताव्ह मी यांनी १९०८ मध्ये सिद्ध केले.

स्थळ आणि ऋतू

कोकण किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांतून मिठाचे कण हवेत येतात. दमट हवेत ते ओलावा शोषून फुगतात व अधिक प्रकाश विखुरतात. उन्हाळ्यात कोरडे वारे धूळ उडवितात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. परिणामी चुलींचा, पाचट व कचरा जाळल्याचा धूर खालीच कोंडतो. पावसाच्या सरी बरेचसे कण धुऊन काढतात.

सकाळचे धुके जलबिंदूंचे असते व ऊन चढताच बहुधा विरते. दुपारपर्यंत टिकणारी करडी छटा मात्र धूर वा धूळ यांची असण्याचा संभव अधिक.

आरोग्याशी संबंध

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वजनाच्या मानाने प्रकाश सर्वाधिक विखुरणारे कण साधारणतः एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात, आणि असेच कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपल्या देशाने २००९ मध्ये २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षकांनी पेल्यातील पाण्यात दुधाचे चार-दोन थेंब टाकून बॅटरीचा झोत सोडावा. बाजूने पाणी निळसर, तर समोरून झोत तांबूस दिसेल. विद्यार्थ्यांनी देवळाचा कळस, पाण्याची टाकी, डोंगर अशा ठरावीक अंतरावरील खुणा रोज एकाच वेळी पाहून नोंद ठेवावी. ही नोंद यंत्राची जागा घेऊ शकत नाही. परंतु कोणत्या दिवसांत हवा कोंडते, हे तीवरून कळते. नेमक्या त्याच दिवसांत कचरा व पाचट न जाळता त्यांचे खत करण्याचा आग्रह ग्रामपंचायतींनी धरणे अगत्याचे आहे. डोंगर झाकणारा धूर गावकऱ्यांच्या श्वासातही जात असतो.