पंपावरचा वास आणि घरातले ज्येष्ठ

गेल्या वैशाखात सासऱ्यांना छातीच्या तपासणीसाठी नेत असताना रिक्षा वाटेतच पेट्रोल भरायला वळली. भर दुपार, पुढे दुचाकींची रांग आणि शेजारी भूमिगत टाकीत इंधन उतरवणारा टँकर. श्वसनमार्गाच्या जुनाट विकाराने ते त्रस्त आहेत. उपरण्याचे टोक नाकाशी धरूनही खोकल्याची उबळ आलीच. ‘पेट्रोल म्हटल्यावर वास येणारच की, आण्णा,’ रिक्षावाले समजुतीने म्हणाले.

हे पूर्ण खरे नव्हे. इंधन संपत आलेली टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ असते. जितके इंधन आत ओतावे, जवळजवळ तितक्याच आकारमानाची वाफ बाहेर ढकलली जाते. टँकर रिता होतो तेव्हाही आणि आपल्या स्कूटरमध्ये नळी घातली जाते तेव्हाही. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत रेंगाळते, आणि उन्हाळ्यात तिचे प्रमाण वाढते. डिझेल त्या मानाने फारच कमी उडते.

या वाफेत बेंझिन असते. आपल्याकडील पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा १ टक्का आहे. दीर्घकाळ श्वासातून गेल्यास ते अस्थिमज्जेला बाधते आणि रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरू शकते. चार मिनिटांच्या थांब्याने असे काही होत नाही. ती धास्ती मनातून काढावी. खरा धोका दिवसभर नळी हातात धरणाऱ्या कामगारांना, आणि काही अंशी पंपाला लागून राहणाऱ्यांना. दमेकऱ्याचा त्रास मात्र तत्काळ असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, १० वा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांच्यापासून पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असल्यास अधिक सुरक्षा-उपायांसह ३० मीटर. त्याहून जवळ मुळीच नाही. अंतर मोजायचे ते टाकीचे भरणमुख, वितरणयंत्र किंवा वाफेची उभी नळी यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तेथून, फाटकापासून नव्हे.

दुसरा नियम वाफ परत खेचून घेणाऱ्या यंत्रणेचा. ती असेल तर टँकरला दोन नळ्या लागतात: एकीतून इंधन खाली जाते, दुसरीतून वाफ टँकरमध्ये परतते. वाहनात इंधन भरतानाही वाफ अशीच मागे ओढली जाते. १० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत महिन्याला १०० किलोलिटर पेट्रोल विकणाऱ्या पंपांना ही यंत्रणा आवश्यक ठरवली गेली. १ लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत हीच मर्यादा ३०० किलोलिटर.

कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत होती. म्हणजे आपण दुसऱ्या गटात. महिन्याला ३०० किलोलिटर म्हणजे रोज १० हजार लिटर. दुचाकीमागे अडीच लिटर धरले तर दिवसाला ४ हजार गाड्या. त्याहून कमी खपाच्या पंपाला हे बंधन लागू होत नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांत, कोल्हापूरचे नाव असताना ही सवलत मला उदार वाटते. ज्येष्ठांची फुप्फुसे पुण्यात नाजूक आणि इथे दणकट, असे थोडेच असते?

तोवर काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. टँकर उभा दिसला तर पुढच्या पंपावर जावे. पेट्रोल सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर भरावे. नळी ‘टक्’ करून थांबल्यावर ‘काठोकाठ करा’ असा आग्रह धरू नये. सांडते ते तिथेच उडते. जनित्रासाठी घरात डबा भरून ठेवण्याची सवय तर सोडावीच, विशेषतः आजीआजोबांच्या खोलीशेजारी. घराजवळ नवा पंप उभा राहत असेल तर अंतर मोजून, लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी.

सासरे आता रिक्षात बसण्याआधीच विचारतात, ‘पेट्रोल आहे न्हवं?’ नसेल तर आम्ही दुसरी रिक्षा बघतो.