टाळूवरून आतला ठाव

बारामतीत मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, काढते. फिट येणाऱ्या लेकराला इंदापूरकडून घेऊन आलेली आई विचारते, "ताई, नेमकं कुठं बिघडलंय?" पेस्ट लावून मी डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवते; पडद्यावर मायक्रोव्होल्टच्या रेषा सरकू लागतात. माणसाची अशी पहिली नोंद 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी घेतली. पण कवटीतून वीज नीट वाहत नाही, खूण पसरते. बांधावरून उसातल्या मोटारीचा आवाज ऐकावा, तशी. शिवाय बाहेरच्या एकाच नोंदीमागे आत अनेक उगम संभवतात, हे शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1853 मध्येच दाखवलं. म्हणून संगणक एमआरआयवरून डोक्याचं प्रारूप बांधतो, गृहीतकं धरतो, मग जागा सुचवतो. सुचवतोच फक्त! शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर ती जागा व्हिडिओ ईईजी, एमआरआय आणि झटक्याच्या लक्षणांशी ताडून पाहतात.