तीन काचांची अभिजात लेन्स

कॅमेऱ्याची कोणतीही जुनी लेन्स 'क्लासिक' ठरवण्याची हल्ली पद्धत आहे. नुसते वय किंवा कडेवर कोरलेले मोठे नाव यासाठी हा मान द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. जिच्यातली कल्पना पुढच्या पिढ्यांना पुन्हा पुन्हा वापरावीशी वाटली, ती लेन्स अभिजात. डेनिस टेलर यांनी १८९३ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली 'कुक ट्रिप्लेट' तशी आहे.

एकट्या बहिर्गोल भिंगाची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वक्र असते. मध्य स्पष्ट केला की कडा धूसर होतात. फोटोची काच किंवा फिल्म तर सपाट! ही वक्रता घालवायला तेवढ्याच शक्तीचे अंतर्गोल भिंग जोडावे, तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो आणि प्रतिमाच पडत नाही.

यातून वाट निघते ती भिंगे दूर ठेवल्याने. प्रयोगशाळेतून २० सेंमी नाभीय अंतराचे एक बहिर्गोल व एक अंतर्गोल भिंग घ्या. एकमेकांना टेकवून धरल्यास ती साध्या काचेसारखी वागतात. आता बहिर्गोल भिंग खिडकीकडे आणि त्याच्यामागे १० सेंमीवर अंतर्गोल धरा. अंतर्गोलामागे सुमारे २० सेंमीवर कागदावर दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा उमटेल. असे का? अंतर्गोलापर्यंत पोचेस्तोवर किरण अक्षाच्या जवळ आलेले असतात, आणि भिंगाच्या मधल्या भागात ते कमी वाकतात. शक्ती अशी परत मिळते; वक्रतेचा हिशेब मात्र अंतराने बिघडत नाही.

पण ही जोडी एकांगी. म्हणून टेलर यांनी बहिर्गोल भिंगाचे काम दोन भिंगांत वाटले आणि अंतर्गोल मधोमध ठेवले. दोन्ही बाजू बऱ्याचशा सारख्या झाल्याने सरळ रेषा वाकणे, कडेला रंगीत झालर दिसणे हे दोष आटोक्यात आले.

टेलर यॉर्कच्या ज्या कुक कंपनीत होते ती दुर्बिणी बनवणारी. त्यामुळे ही लेन्स बनवली लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीने. (हे टेलर निराळे!) १९०२ साली जर्मनीत त्साइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फ यांची 'टेसार' आली. तिची मांडणीही अशीच, फक्त मागच्या भिंगाच्या जागी दोन भिंगांची चिकटवलेली जोडी. साधी ट्रिप्लेट मात्र विसाव्या शतकभर स्वस्त कॅमेऱ्यांत चालत राहिली. शाळेच्या कपाटात जुना स्लाइड प्रोजेक्टर पडून असेल, तर त्याची लेन्स जपून उघडून पाहा. आत बहुधा तीनच काचा निघतील.