खाऱ्या पाण्याने पोखरलेला तुरुंग

१२ जून १९६२. सकाळची मोजणी सुरू झाली, तरी अल्काट्राझ तुरुंगातल्या तीन कोठड्यांमधले कैदी काही उठेनात. पहारेकऱ्याने एकाला हलवायला गजांतून हात घातला, आणि उशीवरचं डोकं गडगडत जमिनीवर आलं!

ते डोकं साबण, टॉयलेट पेपर आणि सिमेंटच्या भुकटीच्या लगद्याचं होतं. कातडीचा रंग चित्रकलेच्या रंगांनी आणलेला. केस मात्र खरे, तुरुंगातल्या न्हाव्याकडे कापून पडलेले. अशी डोकी उशीवर ठेवून फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे दोघे भाऊ रात्रीच पसार झाले होते.

अल्काट्राझ हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं खडकाळ बेट किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. आधी तिथे किल्ला होता, मग लष्करी तुरुंग. मुलांना सरकारी निवासी शाळेत पाठवायला नकार दिला म्हणून १८९५ मध्ये होपी जमातीच्या १९ जणांना इथेच डांबलं होतं. १९३४ पासून हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा सर्वांत कडक तुरुंग झाला. अल कपोनसारखे गुंड इथे धाडले जात. भिंती, बंदुका होत्याच, पण खरी भिस्त होती भोवतालच्या गारठलेल्या पाण्यावर आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर.

मला या सगळ्या गोष्टीत थक्क करतं ते हे, की ज्या समुद्रावर तुरुंगाची भिस्त होती, त्यानेच भिंत कच्ची केली. बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नाही. पिण्याचं पाणी बोटीने यायचं. संडासात वगैरे खाडीचं खारं पाणीच सोडलेलं. वर्षानुवर्षं ते खारं पाणी झिरपलं, सळया गंजल्या, काँक्रीट ठिसूळ झालं. कोठडीत बेसिनच्या खाली हवा खेळायला छोटी जाळी होती. तिच्याभोवतीचं हे काँक्रीट कैद्यांनी जेवणाच्या खोलीतून पळवलेल्या चमच्यांनी महिनोन् महिने उकरलं. संध्याकाळी कैद्यांना वाद्यं वाजवायला तासभर मिळायचा. त्या गोंगाटात उकरण्याचा आवाज विरून जाई. पडलेलं भोक झाकायला रंगवलेल्या पुठ्ठ्याची खोटी जाळी!

भिंतीमागे नळांची अरुंद बोळ होती. नळांना धरून वर चढलं की थेट कोठड्यांच्या माथ्यावर. तिथे त्यांनी चक्क कारखाना थाटला. पन्नासहून जास्त रेनकोट जमवून त्यांचा तराफा आणि लाइफ जॅकेटं केली, सांधे वाफेच्या गरम नळांवर चिकटवले. तराफ्यात हवा भरायला कॉन्सर्टिना, म्हणजे पेटीसारखं भात्याचं छोटं वाद्य. चौथा साथीदार अ‍ॅलन वेस्ट मात्र त्या रात्री आपल्या भोकातून वेळेत बाहेर पडू शकला नाही. आज आपल्याला जे तपशील ठाऊक आहेत, त्यातले बरेच त्याच्याच जबाबातून आले.

पुढे काय झालं? खाडीतल्याच एंजल आयलंड या बेटाजवळ एक वल्हं सापडलं, रबरात गुंडाळलेलं, फोटो आणि नावं-पत्ते असलेलं पाकीट सापडलं. माणसं सापडली नाहीत. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमधल्या संशोधकांनी त्या रात्रीच्या प्रवाहांचं गणित संगणकावर मांडलं. तराफा मध्यरात्रीच्या सुमारास पाण्यात पडला असेल, तर तो गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला लागणं शक्य होतं. त्याच्या बराच आधी निघाले असतील, तर थेट महासागरात. तास-दीड तासाच्या फरकावर तीन आयुष्यं! आणि पोहून जाणं अशक्य होतं, असंही नाही. १९६२ च्याच डिसेंबरमध्ये जॉन पॉल स्कॉट नावाचा कैदी पोहत त्या पुलाजवळच्या खडकांपर्यंत पोचला. तो गारठून अर्धमेला सापडला, पण जिवंत.

मार्च १९६३ मध्ये तुरुंग बंद झाला. पळून जाण्यामुळे नव्हे. तो निर्णय आधीपासून घाटत होता. प्रत्येक गोष्ट बोटीने आणायची आणि खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या इमारतींची डागडुजी करत बसायची, हा खर्च इतर तुरुंगांच्या जवळजवळ तिप्पट जात होता.

अमेरिकेची तपाससंस्था एफबीआयने १९७९ मध्ये फाइल बंद केली, पण फरारी कैद्यांचा माग काढणाऱ्या यूएस मार्शल्सकडे ती अजून उघडी आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं त्या खाडीच्या काठी राहतात. त्यांच्याकडे गेलात, तर बोटीचं तिकीट आधीच काढा, आणि बेटावर अल कपोनच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा वाकून ती बेसिनखालची भोकं नीट पाहा.