तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांचे वर्ष

मुलाचे पहिले वर्ष किती दिवसांचे असते, असे कोणी विचारले तर शाळकरी पोरही ३६५ हे उत्तर क्षणात देईल. आमच्या कन्येचे पहिले वर्ष मात्र ३८४ दिवसांचे झाले. यात हिशेबाची चूक नाही. ती पंचांगाची कृपा आहे. आणि त्या जास्तीच्या दिवसांनी आमच्या घराला जे दिले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कन्येचा जन्म माझ्या माहेरी, वाईस, २ ऑगस्ट २०२२ रोजी झाला. त्या दिवशी श्रावण शुद्ध पंचमी, अर्थात नागपंचमी होती. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत पाळून मी आषाढातच वाईला आले होते. कृष्णेला पाणी चढलेले, ढोल्या गणपतीच्या देवळापुढचा घाट ओला, अशा भर पावसाच्या दिवसांत बाराव्या दिवशी बारसे झाले. त्या सोहळ्यात एकच उणीव होती. यजमानांच्या आजी, वय वर्षे ८८, गुहागरजवळच्या आमच्या गावी होत्या. कुंभार्ली घाटाचा प्रवास त्यांना झेपण्यासारखा नव्हता. पणती झाल्याची वार्ता ऐकून त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि निरोप धाडला, “पणती ती पणतीच. घरात दिवा आला.” मुलगी झाली म्हणून हळहळणाऱ्या एक-दोघींची तोंडे त्या एका वाक्याने बंद झाली.

पणजी आणि पणती यांची पहिली भेट दिवाळीत झाली. त्या वर्षीची दिवाळी वेगळीच होती. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले, दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आले आणि २६ तारखेला पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी पडली. सकाळी यजमानांना ओवाळले आणि वाईहून आलेल्या भावाला संध्याकाळी. आजींनी तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन अभ्यंगाचे तेल स्वतःच्या हातांनी लावले. हात थरथरत होते, पण तेल जिरवण्याची सवय बोटांतून गेली नव्हती. निघताना त्यांनी माझ्या हाती एक पुरचुंडी दिली. तीत खण, हळदकुंकू आणि सव्वा रुपया होता. “अगो, तुझी सुटका सुखरूप होवो म्हणून योगेश्वरीला बोलले होते. माझ्याने जाववत नाही. तू ओटी भर.”

संक्रांत १५ जानेवारीला झाली आणि रथसप्तमीला, २८ जानेवारीस, पुण्याच्या घरी बोरन्हाण केले. काळे झबले, हलव्याचा मुकुट आणि हार घालून पोर पाटावर बसली. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि रेवड्या डोक्यावरून ओतल्या, तशी ती आधी दचकली आणि मग खुदकन हसली. शेजारची बालगोपाळ मंडळी खाली पडलेला खाऊ वेचण्यात दंग होती.

आजींचा नवस फेडण्यासाठी फेब्रुवारीत आम्ही अंबाजोगाईला गेलो. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करावे असा संकेत आहे. तिला सातवा महिना लागला होता. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांची कुलदेवता सह्याद्रीपलीकडे मराठवाड्यात आहे, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. अंबाजोगाई हे आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचे गाव आणि दासोपंतांच्या पासोडीचेही. ज्या कापडावर दासोपंतांनी आपली काव्यरचना लिहिली ती ही पासोडी. देवीच्या दर्शनानंतर धर्मशाळेत मामाच्या मांडीवर बसून पोरीने खिरीचे पहिले बोट चाटले.

योगेश्वरीची कथा तेथे पुन्हा ऐकली. परळीच्या वैजनाथाशी देवीचा विवाह ठरला. परंतु वऱ्हाड वेळेवर पोहोचले नाही, मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, असे परंपरा सांगते. अनेकदा ऐकलेली कथा. तिचा अर्थ आपल्याच घरात लवकरच उमगणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिमगा आला. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देव स्वतः उंबऱ्याशी येतो. म्हणून चाकरमानी कोठेही असला तरी त्या दिवसांत गावाकडे धाव घेतो. पणतीची ओटी पालखीपुढे ठेवायची, असे आजींनी दिवाळीपासून मनाशी ठरवले होते. आम्हीही येऊ असे कळवले होते. पण अंबाजोगाईच्या प्रवासात यजमानांच्या रजा खर्ची पडल्या होत्या आणि कारखान्यात आयत्या वेळी काम निघाले. तान्ह्या पोरीला घेऊन मी एकटीने जावे, तर त्याच सुमारास तिला सर्दीताप आला. आम्ही गेलो नाही.

पुढे सासूबाईंकडून कळले. आजी पहाटेपासून ओटीवर बसून होत्या. शेजारी सुपात नारळ, तांदूळ आणि पोरीसाठी शिवलेले नवे परकर-पोलके होते. पालखी आली, अंगणात नाचली आणि पुढच्या घरी गेली. आजींनी नारळ दिला, परकर-पोलके घडी घालून पेटीत ठेवले आणि कोणाला एक शब्दही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. वेळेवर न पोहोचलेल्या वऱ्हाडाची कथा मला त्या रात्री आठवली आणि झोप लागली नाही.

त्या उन्हाळ्यासाठी आम्ही उत्तरेकडे थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा बेत केला होता, थोडे पैसेही बाजूला टाकले होते. गुढीपाडव्याच्या दिवशी, २२ मार्चला, गुढी उतरवताना यजमान म्हणाले, “तो बेत राहू दे. उरलेल्या रजा गावासाठी ठेवू.” मला हवे होते ते त्यांनीच बोलून दाखवले. जूनमध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. पोरीला कडेवर घेऊन आम्ही दर्शन घेतले आणि शिमग्याची चुकलेली पालखी मनोमन आठवली.

त्या वर्षी चातुर्मास पाच महिन्यांचा होता. वाचकांना ठाऊकच आहे की चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे असते. दरवर्षी पडणारे अकरा दिवसांचे हे अंतर साठत जाते. साधारण ३२-३३ महिन्यांनी असा एक चांद्रमास येतो की ज्यात सूर्य राशी बदलत नाही. संक्रांतीवाचून गेलेला हा महिना तो अधिक मास. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट या काळात श्रावण अधिक झाला. त्यापूर्वी २००४ सालीही श्रावणच अधिक आला होता. परिणामी पोरीच्या जन्माची तारीख, २ ऑगस्ट, अधिक महिन्यात पडली. आणि जन्मतिथी, निज श्रावणातली नागपंचमी, गेली २१ ऑगस्टवर.

यजमानांनी रजा २ ऑगस्टच्या बेताने मागितली होती. आजींनी निरोप पाठवला, “अधिकात मंगल नको. नागपंचमीची पोर नागपंचमीलाच वर्षाची होईल.” रजा पुढे ढकलली. मात्र मी पोरीला घेऊन अधिक महिना लागताच गावी गेले. यजमान मधून मधून शनिवारी एसटीने येत.

अधिक मासाची कथा आजींनीच मला सांगितली. प्रत्येक महिन्याला देवता आहे, या जास्तीच्या महिन्याला कोणी स्वामी होईना. मलमास म्हणून सगळ्यांनी झिडकारलेला तो महिना विष्णूला शरण गेला आणि भगवंताने त्याला स्वतःचे नाव दिले. तेव्हापासून तो पुरुषोत्तम मास. “कोणाला नको असलेले दिवस देवाने घेतले,” आजी म्हणाल्या, “मग आपण ते वाया का घालवावे?” शिमग्याबद्दल मी क्षमा मागू लागले, तर त्यांनी पेटी उघडून परकर-पोलके काढले आणि पोरीला घातले. थोडे आखूड झाले होते.

आमचे लग्न २०२१ सालचे. त्यामुळे हा आमचा पहिलाच अधिक. जावयाला वाण देण्यासाठी माझे आईवडील वाईहून भर पावसात कुंभार्ली घाट उतरून आले. आईने तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, कुटून, गूळ घालून पीठ मुरवले होते आणि खसखशीवर थापून तुपात तळलेले ३३ अनारसे आणले होते. एकही हसला नव्हता. प्रत्येकाला जाळी पडली होती. लेकजावयाला लक्ष्मीनारायण मानून तांब्याच्या पात्रात अनारसे, वर दिवा, असे वाण दिले. जावयाला माहेरी बोलावण्याची रीत सोडून तुम्ही येथे कसे आलात, असे सासूबाईंनी विचारताच वडील म्हणाले, “जेथे आजी, तेथे वाण.”

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आजींना ताप भरला. दोन दिवस अन्न गेले नाही. डॉक्टर येऊन गेले. वय पाहता काही सांगता येत नाही, म्हणाले. पणतीचे मुख पाहिलेल्या पणजीवर सोन्याची फुले उधळण्याचा विधी नागपंचमीला करण्याचे योजले होते. पाच इवलीशी फुले घडवून आणली होती. रात्री सगळे माजघरात बसले. आजच फुले वाहून घ्यावीत, असे सासरे दबक्या आवाजात म्हणाले. आतून आजींचा क्षीण पण स्पष्ट आवाज आला, “पंचमीलाच. तोवर मी आहे.”

पुढचे दिवस आम्ही मोजून काढले. पोर आजींच्या खाटेला धरून उभी राहायला त्याच दिवसांत शिकली. तिने पहिले पाऊल टाकले तेही खाटेपासून आजींच्या हातापर्यंत. हळूहळू ताप उतरला, पेज जाऊ लागली. हे पाऊल पाहायला आम्ही एरवी तेथे असतो का?

२१ ऑगस्टला सोमवारही होता. श्रावणी सोमवार आणि नागपंचमी यांचा योग. त्या दिवशी चिरणे नाही, तवा नाही. म्हणून वाढदिवसाला पुरणाची दिंडे आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सप्तचिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण करून पोरीला तीळगूळ घातलेले दूध पाजले आणि पाच सुवासिनींनी औक्षण केले. मग आजींना पाटावर बसवून सोन्याची फुले वाहिली. त्यांनी पदरातली फुले वेचून पोरीच्या मुठीत दिली. तिने ती तोंडात घालू नयेत म्हणून आमची एकच धांदल उडाली आणि आजी खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आजी गेल्या, पहाटे, झोपेत. शिमग्याची पालखी पुढल्या वर्षी पुन्हा अंगणात आली, तेव्हा पणतीची ओटी सासूबाईंनी ठेवली.

एक फूल मी पोरीच्या पेटीत जपून ठेवले आहे. २०२३ नंतरचा अधिक मास २०२६ सालचा ज्येष्ठ. पंचांगात त्या महिन्याचे पान उघडले की मनात येते, अकरा अकरा दिवस साठवून काळ आपल्याला एक महिना परत देतो. तो कोणाच्या घरी नेऊन घालवायचा, एवढेच आपल्या हाती असते. ज्यांच्या घरी वाट पाहणारे कोणी आहे, त्यांनी त्या महिन्यात ३३ अनारसे जरूर करावेत. आणि ते पोहोचवायला स्वतः जावे.