चाकांवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी एक म्हण आहे. ज्याचा मुक्काम एका ठिकाणी फार दिवस टिकत नाही, त्याला उद्देशून ती वापरतात. युरोप व अमेरिका या खंडांतील पुष्कळ कुटुंबे सुट्टीच्या दिवसांत हौसेने असे बिऱ्हाड करतात. मात्र ते पाठीवर नसून चाकांवर असते. निजण्याची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, इतकेच नव्हे तर शौचकूपही त्या फिरत्या घरात असतो.

ही हौस आजकालची नव्हे. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त वैद्य मुलांसाठी गोष्टी लिहीत असत. त्यांनी १८८५ मध्ये 'वाँडरर', म्हणजे भटक्या, या नावाची एक घरासारखी गाडी मुद्दाम बांधवून घेतली. तिला दोन घोडे जोडीत. त्या गाडीतून त्यांनी इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि फिरत्या घरांचे निरनिराळे प्रकार निघाले.

त्यांतील तीन प्रकार मुख्य होत. पहिला मोटारघराचा. यात घर आणि इंजिन एकाच गाडीत असते. दुसरा ट्रेलरचा. हे घर मोटारीच्या मागे जोडून ओढीत नेतात. तिसरा घडीच्या घराचा. हाही ट्रेलरच, परंतु त्याच्या भिंती कापडाच्या असतात. वाटेत तो बुटक्या पेटीसारखा दिसतो आणि मुक्कामावर छप्पर वर उचलले की त्याची खोली होते.

तळावर पोहोचल्यावर घर मांडण्याचे काम सुरू होते. या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. ट्रेलरचेच उदाहरण घ्यावे. प्रथम जमिनीचा उतार पाहतात. घर एका बाजूला कलत असेल तर त्या बाजूच्या चाकांखाली फळ्या ठेवून गाडी त्यांवर चढवितात. घर समतल झाले की नाही, हे गवंड्याच्या पाणसळीसारख्या साधनाने तपासतात. हा केवळ झोपेच्या सुखाचा प्रश्न नाही. काही घरांतील शीतकपाट गॅसवर चालते. त्यातील अमोनियाचे द्रावण नळ्यांतून आपल्याच भाराने खाली वाहते. घर तिरपे राहिल्यास ते मध्येच अडते आणि कपाट बिघडते.

यानंतर चाकांच्या पुढे व मागे अटकणी बसवितात. अटकणी बसविल्याशिवाय ट्रेलर मोटारीपासून कधीही सोडवू नये. जोवर तो मोटारीला जोडलेला असतो, तोवर तिचा ब्रेक त्याला धरून ठेवतो. जोडणी सुटताच तो आधार जातो आणि उतारावर ते घर गडगडत जाऊन एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. ट्रेलर सोडविल्यावर पुढच्या जॅकने त्याची पुढची बाजू सारखी करतात आणि चारही कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवितात. हे पाय घर हलू नये म्हणून असतात, त्याचे ओझे उचलण्यासाठी नव्हे. मग वीज व पाणी जोडतात आणि शेवटी दारापुढे कापडी छपरी उभारतात.

मोटारघराला सोडण्याजोडण्याचा त्रास नसतो. परंतु दूध आणायला जायचे झाले तरी सारे बिऱ्हाड आवरावे लागते. ट्रेलरवाल्याची मोटार मोकळी राहते. घडीचे घर वजनाला हलके. परंतु ते पावसात भिजले असता घरी गेल्यावर पुन्हा उघडून वाळवावे लागते, नाहीतर कापडाला बुरशी येते.

निघण्याच्या दिवशी हीच कामे उलट्या क्रमाने होतात. छपरी वाळवून गुंडाळतात, वीज तोडतात आणि गॅसची तोटी बंद करतात. टाक्या मात्र वाटेल तशा रिकाम्या करून चालत नाही. शौचकूपाची टाकी आधी आणि आंघोळीच्या सांडपाण्याची टाकी नंतर सोडतात. अशाने मागून येणारे साबणाचे पाणी नळी धुऊन काढते. हा मैला तळावर नेमून दिलेल्या जागीच सोडावयाचा असतो. ओढ्यात सोडल्यास खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात विष कालविल्यासारखे होते. मग कोपऱ्यांचे पाय उचलतात, ट्रेलर मोटारीला जोडतात आणि साखळ्या अडकवितात. एकजण मागे उभा राहून दिवे लागतात की नाही ते पाहतो. अटकणी काढण्याचे काम अगदी अखेरचे. गाडी पुढे घेतल्यावर फळ्याही उचलतात.

एवढे झाले तरी जाणते प्रवासी लगेच निघत नाहीत. ते घराभोवती पायी एक फेरी घालतात. एखादी पायरी बाहेर राहिली असेल, एखादी खिडकी उघडी असेल, तर ती या फेरीत सापडते. मग ते त्या मोकळ्या जागेवरून नजर फिरवितात. तेथे कागदाचा कपटाही राहता कामा नये. कारण संध्याकाळी दुसरे बिऱ्हाड त्याच जागी उतरणार असते.