इंजिनाची उघडी तोंडे : कोणती बुजवावीत, कोणती नाहीत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यापैकी एका शिक्षकांची जुनी मारुती ८०० नेरडीगोंड्याच्या हमरस्त्यावर वळण घेताना दरवेळी बंद पडू लागली. मागून ट्रक येत असताना रस्त्याच्या मध्ये गाडी बंद पडणे म्हणजे जिवाशी खेळ. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग बदलले, खर्च झाला, पण गाडी सुधारेना. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून एका बारीक नळीच्या तोंडावर बोट दाबले. धडधडणारे इंजिन लगेच शांत चालू लागले!

या गाडीला पूर्वी गॅस किट होते. ते काढताना त्याची रबरी नळीही काढली, पण नळी जेथे बसत होती ते तोंड तसेच उघडे राहिले. दोष एवढाच होता, आणि एका लहानशा रबरी टोपीने तो दूर झाला.

असे का होते, ते समजून घेऊ. पेट्रोल इंजिनाचे दट्ट्या (पिस्टन) खाली जाताना हवा आत ओढतात. ॲक्सिलरेटरवर पाय नसतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्या ओढतच राहतात, हवा मात्र पुरेशी येत नाही. त्यामुळे झडपेपलीकडच्या नळ्यांत, म्हणजे इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब खूप कमी होतो. टॉरिचेलीचा प्रयोग आठवा. बाहेरची हवा पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरते. सुस्थितीतल्या इंजिनात आयडलिंगच्या वेळी आतला दाब त्यापेक्षा ४५ ते ५० सेंटिमीटरने कमी असतो. या कमी दाबालाच मिस्त्री 'व्हॅक्यूम' म्हणतात.

हा व्हॅक्यूम फुकट मिळणारी शक्ती आहे. ब्रेकला मदत करणे, ठिणगीची वेळ पुढे-मागे करणे, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात ओढून घेणे अशा कामांसाठी मॅनिफोल्डला आणि कार्बोरेटरला बारीक तोंडे ठेवलेली असतात. एखादे यंत्र काढून टाकले की त्याचे तोंड रिकामे होते. ते उघडे राहिले, तर बाहेरची हवा कार्बोरेटरला टाळून थेट आत शिरते. हिशेब केला तर ४ मिलिमीटरच्या छिद्रातून शिरणारी हवा, लहान इंजिनाला आयडलिंगला लागते जवळपास तितकीच भरते. हवा दुप्पट आणि पेट्रोल तेवढेच, मग मिश्रण पेटणार कसे? इंजिन मिसिंग करते, बंद पडते. वेगात असताना मात्र झडप उघडी असते, व्हॅक्यूम कमी असतो आणि मुळातच पुष्कळ हवा आत येत असते, म्हणून हा दोष लपून राहतो. एमपीएफआय गाडीत संगणक सावरून घ्यायचा प्रयत्न करतो. तेव्हा आयडलिंग वाढलेले दिसते किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो.

तोंड बुजवायचे तर नीट बुजवावे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधणे किंवा नळीत खिळा ठोकणे हे घरापर्यंत पोचण्यापुरते ठीक. उष्णतेने आणि पेट्रोलच्या वाफेने साधे रबर फुगते, तडकते आणि गळती पुन्हा सुरू होते. तेल-पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, मापाची टोपी क्लिप लावून बसवावी. आट्यांचे तोंड असेल तर त्या आट्यांचा पितळी बूच लावावा. बूच किंवा त्याचा तुकडा आत ओढला जाणार नाही, एवढे पाहावे. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल उडवू नये. आग लागण्याचा धोका असतो. शिटीसारखा आवाज येतो का ते ऐकावे. हात, ओढणी किंवा शर्टाची बाही पट्ट्यात आणि पंख्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुलांनी हे काम लांबूनच पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक नळी फालतू नसते! क्रँककेसमधला धूर ओढून घेणारी नळी बुजवली, तर आत दाब वाढून ऑईल सीलमधून तेल गळू लागते. डिस्ट्रिब्युटरची नळी बंद केली तर ॲव्हरेज घटते. टायमिंग लावताना ती तात्पुरती काढून बुजवतात आणि परत जोडायला विसरतात, हेही तपासावे. आणि ब्रेक बूस्टरची जाड नळी तर कधीच बुजवू नये. तिच्यावाचून ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखे कडक होते आणि पायाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

निर्मलकडे जाताना आपल्याला महबूब घाट उतरावा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे चालक आपण पाहतो. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूम तयार होणे थांबते. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-चार वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. डिझेल इंजिनात ब्रेकसाठी बहुधा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पण तोही इंजिनावरच फिरतो. म्हणून उतारावर इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच हवी.

पालकांना घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. नाही गेले, तर गाडी आधी मिस्त्रीकडे न्या.

मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिच्यासारख्या जुन्या गाड्या अजून चालतात, हातोहात विकल्या जातात आणि आधीच्या मालकाने काय काढले, काय बुजवले हे नव्या मालकाला ठाऊक नसते. आमची संस्थाचालकांना विनंती आहे की, कुंतलाच्या धबधब्यावर किंवा आणखी कोठे सहल नेताना भाड्याने ठरवलेल्या छोट्या गाड्यांची ही परीक्षा निघण्यापूर्वी घ्यावी. तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.